वाचकांचे प्रश्न : गाव न सोडणारा बँड

मागील अंकातील एका उत्तरात अमेरिकेतील 'कंट्री रॉक' या संगीतप्रकाराचा, म्हणजे तेथील ग्रामीण 'कंट्री' संगीत आणि रॉक यांच्या मिश्रणाचा, ओझरता उल्लेख आला होता. त्यावर इतकी पत्रे आली, आणि त्यांपैकी बहुतेक नागपुरातूनच आली, की या वेळचे सदर त्या एकाच विषयाला देणे आम्हांस भाग पडले. बँड म्हटले की आपल्याकडे अजूनही आधी लग्नाची वरात आणि लाल डगल्यातले वाजंत्री डोळ्यांपुढे येतात. पुढील मजकुरात मात्र हा शब्द सर्वत्र गिटार, ड्रम आणि गळा यांच्या बळावर स्वतःची गाणी स्वतः रचून गाणाऱ्या मंडळींसाठी वापरला आहे.

प्रश्न : माझे मामा १९७० च्या दशकात शिक्षणासाठी अमेरिकेतील मिसुरी राज्यात राहिले होते. त्यांच्या मागे राहिलेल्या सामानात एक लाँग-प्ले तबकडी सापडली. मुखपृष्ठावर गोधडी आहे आणि नाव 'ओझार्क माउंटन डेअरडेव्हिल्स' असे आहे. आमच्या घरात कोणीही हे नाव ऐकलेले नाही. ही मंडळी कोण आणि त्यांचे पुढे काय झाले?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : आपल्या हाती आलेली तबकडी या बँडची पहिलीच, म्हणजे १९७३ सालची असावी, गोधडीच्या त्या मुखपृष्ठामुळे त्यांचे चाहते तिला आजही 'गोधडीचा अल्बम' म्हणूनच ओळखतात. ओझार्क हा मिसुरीचा दक्षिण भाग, आर्कान्सॉचा उत्तर भाग आणि ओक्लाहोमाचा एक कोपरा व्यापणारा डोंगराळ पठारी प्रदेश आहे. तेथे येऊन वसलेल्या स्कॉटिश-आयरिश वंशाच्या शेतकऱ्यांनी फिडलवरच्या, म्हणजे लोकसंगीतातल्या व्हायोलिनवरच्या, चाली आणि जुनी कथागीते पिढ्यान्‌पिढ्या जपली. या प्रदेशाचे मोठे शहर म्हणजे स्प्रिंगफील्ड. ते समुद्रापासून दूर, देशाच्या पोटात वसलेले आहे, आणि रूट ६६ या प्रसिद्ध महामार्गाचे जन्मस्थान म्हणून मिरवते. शून्य मैलाच्या खांबाचा अभिमान बाळगणाऱ्या नागपूरकराला त्या शहराचा स्वभाव समजायला फारसा वेळ लागू नये.

स्प्रिंगफील्ड हे संगीताच्या दृष्टीने आडगाव नव्हते, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १९५५ ते १९६० या काळात 'ओझार्क ज्युबिली' हा कंट्री संगीताचा कार्यक्रम एबीसी या वाहिनीवरून देशभर दिसत असे आणि तो स्प्रिंगफील्डमधील एका नाट्यगृहातूनच प्रक्षेपित होई. त्यामुळे या बँडमधील तरुण जेव्हा १९७० च्या सुमारास एकत्र जमू लागले, तेव्हा संगीतावर पोट भरता येते हे त्यांच्या गावाने एकदा पाहिलेले होते. रँडल चाउनिंग, स्टीव्ह कॅश, जॉन डिलन, लॅरी ली, मायकेल ग्रँडा आणि बडी ब्रेफील्ड असे हे सहा जण. बँडसाठी आधी सुचलेले नाव 'कॉस्मिक कॉर्न कॉब अँड हिज अमेझिंग ओझार्क माउंटन डेअरडेव्हिल्स' असे भलेमोठे होते. त्यातील 'विश्वव्यापी मक्याचे कणीस' कोणी व्हायचे, याला कोणीच तयार नसल्यामुळे असेल, पण नावाचा सुरुवातीचा अर्धा भाग गळून पडला.

त्यांची निवड कशी झाली, हा किस्सा सविस्तर सांगण्यासारखा आहे. ए अँड एम या ध्वनिमुद्रण कंपनीला तेव्हा ईगल्स या नव्या बँडच्या तोडीचे कोणीतरी हवे होते. कंपनीचे डेव्हिड अँडरली हे निर्माते ग्लिन जॉन्स यांना घेऊन मिसुरीत आले. ईगल्सचे पहिले दोन्ही अल्बम ज्यांनी घडवले, तेच हे जॉन्स. कॅन्सस सिटीतील एका मोठ्या नृत्यगृहात बँडने त्यांच्यासमोर वादन केले. पण समोर कोण बसले आहे याचे दडपण आल्याने ते वादन साफ फसले आणि जॉन्स यांच्यावर त्याचा काहीही प्रभाव पडला नाही. त्या रात्री बँडच्या व्यवस्थापन मंडळींपैकी एकाने पाहुण्यांना घरी नेले. तेथे मेणबत्त्यांच्या उजेडात, ध्वनिवर्धकाशिवाय, या सहा जणांनी आपली गाणी पुन्हा गाऊन दाखवली आणि जॉन्स यांचे मत तिथेच बदलले. बैठकीच्या गाण्याची सवय असलेल्या आपल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. मोठ्या सभागृहात न रंगलेला गवई घरच्या बैठकीत मैफल जिंकून जातो, हे आपण अनेकदा पाहिले आहे. पण आमच्या दृष्टीने या प्रसंगात बँडचे पुढचे सारे भविष्य दडलेले आहे. त्यांचे सामर्थ्य घराच्या चार भिंतींत होते, आणि कंपनीला ते मोठ्या मंचावर विकायचे होते.

पहिला अल्बम लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत जॉन्स यांच्या देखरेखीखाली तयार झाला. त्यातील 'इफ यू वॉना गेट टू हेवन' हे कॅश आणि डिलन यांचे खट्याळ गाणे १९७४ मध्ये 'बिलबोर्ड' या अमेरिकन साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत २५ व्या क्रमांकापर्यंत गेले. दुसऱ्या अल्बमच्या वेळी मात्र स्टुडिओच बँडच्या दारी आला. चाउनिंग यांनी भाड्याने घेतलेल्या, बोलिव्हर गावाजवळच्या एका जुन्या शेतघरात ध्वनिमुद्रणाची फिरती गाडी आणून उभी करण्यात आली आणि १९७४ चा 'इट्‌ल शाइन व्हेन इट शाइन्स' हा अल्बम तेथेच मुद्रित झाला. याच अल्बममधील, ढोलवादक लॅरी ली यांनी गायलेले 'जॅकी ब्लू' हे गाणे मे १९७५ मध्ये बिलबोर्डच्या यादीत ३ ऱ्या क्रमांकावर पोहोचले. तोच त्यांच्या व्यावसायिक यशाचा कळस होता. १९७६ मध्ये चाउनिंग बाहेर पडले, पुढे ब्रेफील्ड वैद्यकीय शिक्षणासाठी गेले, १९८० मध्ये कोलंबिया कंपनीने काढलेला अल्बम चालला नाही, आणि त्यानंतर मोठ्या कंपन्यांशी असलेला त्यांचा संबंध जवळजवळ संपला. बँड मात्र संपला नाही. डिलन आणि ग्रँडा यांनी बदलत्या सहकाऱ्यांसह तो चालू ठेवला. सर्वांत वेगळे व्यक्तिमत्त्व असलेले, हार्मोनिका वाजवणारे आणि उत्तरायुष्यात कादंबऱ्याही लिहिणारे स्टीव्ह कॅश यांचे २०१९ मध्ये निधन झाले.

प्रश्न : 'कंट्री रॉक' या नावाला मराठीत 'गावरानी रॉक' म्हणता येईल काय?
— एक वाचक, इतवारी

उत्तर : म्हणता येईल, परंतु नागपुरात 'गावरानी' हा शब्द उच्चारताच श्रोत्यांचे लक्ष संगीतावरून उडून सावजीच्या रश्श्याकडे जाईल, अशी आम्हांस सार्थ भीती वाटते. रूढ झालेले नावच राहू द्यावे.

प्रश्न : कंट्री हे अमेरिकेतील ग्रामीण, परंपराप्रिय लोकांचे संगीत आणि रॉक हे केस वाढवलेल्या बंडखोर शहरी तरुणांचे, असे मी वाचले आहे. मग या दोघांचे लग्न जमले तरी कसे? आणि जमले असल्यास दोन्हीकडच्या नातेवाइकांनी ते मान्य केले काय?
— एक सेवानिवृत्त रेल्वे कर्मचारी, अजनी

उत्तर : आपली उपमा आम्हांस आवडली. हे लग्न पळून जाऊनच झाले. मार्च १९६८ मध्ये द बर्ड्‌स हा कॅलिफोर्नियाचा रॉक बँड नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या कंट्री संगीताच्या सर्वांत मानाच्या व्यासपीठावर गायला, तेव्हा तेथील श्रोत्यांनी त्यांचे स्वागत थंडपणे, किंबहुना कुचेष्टेनेच केले. व्हिएतनामच्या युद्धावरून देश दुभंगलेला असताना कोण कोणते संगीत ऐकतो यावरून तो कोणत्या बाजूचा, हेही ठरवले जात होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निघालेला बर्ड्‌सचा अल्बम तेव्हा फारसा विकला गेला नाही, पण पुढच्या सर्व कंट्री रॉकची मुळे त्यात शोधली जातात. त्यामागची प्रेरणा असलेले ग्रॅम पार्सन्स १९७३ मध्ये, वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षी वारले.

नातेवाइकांचे म्हणाल, तर समेट घडवला तो मुख्यतः वाद्यांनी. रॉकच्या ढोल-गिटारीत कंट्रीचे मेंडोलिन, बँजो, फिडल आणि पेडल स्टील गिटार येऊन बसले. यांतील शेवटचे वाद्य आपणांस अगदीच अनोळखी नाही. आडव्या ठेवलेल्या तारांवरून पोलादी कांडी सरकवून काढलेला तो लांबट, ओला स्वर हवाईयन गिटारमुळे आपल्या ऑर्केस्ट्रांतून आणि जुन्या हिंदी चित्रपटगीतांतून घरोघरी पोहोचलेला आहे. पेडल स्टील हा त्याच घराण्यातील पुढचा अवतार. त्यात पायाखालच्या पट्ट्या आणि गुडघ्याने ढकलायच्या दांड्या यांच्या साहाय्याने स्वर वाजत असतानाच काही तारांचा ताण बदलता येतो; त्यामुळे एक तार स्थिर राहून दुसरी तिच्याजवळ मींड घेत येते. ज्याला मींड कळते, त्याला या वाद्याची गंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

प्रश्न : आम्ही चौघे मित्र नागपुरात तीन वर्षांपासून बँड चालवीत आहोत आणि वऱ्हाडी बोलीत स्वतःची गाणी करतो. महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत आम्हांला बोलावले जाते. सर्वांचा सल्ला एकच : नागपुरात राहून काही होणार नाही, मुंबईला जा. आपण ज्या अमेरिकन बँडचा उल्लेख केला, तो गाव न सोडल्यामुळे बुडाला असे मी ऐकले आहे. हे खरे आहे काय?
— एक गिटारवादक, प्रतापनगर

उत्तर : या पत्राचे उत्तर आम्ही दोनदा लिहून फाडले. पहिले फारच धीर देणारे झाले होते आणि दुसरे फारच घाबरवणारे.

आपण ऐकले त्यात तथ्य आहे. 'जॅकी ब्लू' गाजल्यानंतर कंपनीची इच्छा होती की बँडने दक्षिण कॅलिफोर्नियात बिऱ्हाड हलवावे आणि त्याच धाटणीची आणखी गाणी द्यावीत. स्प्रिंगफील्डहून लॉस एंजेलिस रस्त्याने अडीच हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहे. बँडने दोन्ही गोष्टींना नकार दिला आणि कंपनीचा उत्साह त्यानंतर ओसरला. याच काळात ईगल्सचा बोलबाला इतका वाढला, की फेब्रुवारी १९७६ मध्ये निघालेला त्यांच्या निवडक गाण्यांचा संग्रह 'प्लॅटिनम' हे मोठ्या विक्रीसाठीचे, तेव्हा नव्याने सुरू झालेले प्रमाणपत्र मिळवणारा पहिला अल्बम ठरला. दोन्ही बँडना घडवणारा निर्माता एकच, दोघांची पहिली तबकडी लंडनला मुद्रित झाली, दोघांमध्ये अनेक गायक आणि अनेक गीतकार. मग एकाला आकाश ठेंगणे आणि दुसऱ्याला विस्मरण, याचे कारण 'एकाने घर सोडले, दुसऱ्याने सोडले नाही' एवढेच सांगण्याचा मोह कोणालाही होईल.

आम्हांस हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. ईगल्सने घर सोडले असे म्हणणे मुळात चूक आहे, कारण ईगल्स या बँडला घरच नव्हते. ग्लेन फ्राय डेट्रॉइटकडचे, डॉन हेन्ली टेक्ससमधील लिंडेन या छोट्या गावचे, रँडी माइस्नर नेब्रास्काचे. हे सारे आपापले गाव मागे टाकून लॉस एंजेलिसला आलेले एकेकटे तरुण तेथे परस्परांना भेटले आणि १९७१ मध्ये त्यांचा बँड झाला. स्थलांतर हाच त्यांच्या संगीताचा जन्म होता. याउलट डेअरडेव्हिल्स बँड म्हणून एका प्रदेशात, एका शेजारात तयार झाले होते. त्यांच्या गाण्यांत कोंबड्या, नद्या, चावडीवरच्या गप्पा आणि डोंगरातला तिरकस विनोद आहे. ही सामग्री अंगावर घेऊन ते सहा जण समुद्रकिनारी राहायला गेले असते, तर सहा वादक पोहोचले असते. बँड पोहोचला असता की नाही, याविषयी आम्हांस दाट शंका आहे.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे असून त्याचा पत्त्याशी काहीही संबंध नाही. ज्या गाण्याने त्यांना देशभर नेले, ते त्यांच्या बाकीच्या गाण्यांसारखे नव्हते. 'जॅकी ब्लू' मूळ रूपात एका पुरुषाविषयी होते. ग्लिन जॉन्स यांनी आग्रह धरला की जॅकी ही मुलगीच असली पाहिजे. तेव्हा ली आणि कॅश यांनी अर्ध्या-एक तासात शब्द बदलले. गाणे गोड, गुळगुळीत आणि रेडिओला मानवणारे झाले. ते ऐकून अल्बम विकत घेणाऱ्या श्रोत्याला आत सापडली ती हार्मोनिका, फिडल आणि खरखरीत समूहगायन. तो गोंधळला, यात त्याचा दोष नाही. पुन्हा तसेच गाणे शोधत तो आला, तर ते द्यायला बँडची तयारी नव्हती. शिवाय ते गाणारा लॅरी ली हा ढोलामागे बसणारा गडी; मंचाच्या पुढच्या ओळीत उभा राहणारा, जाहिरातीवर छापता येईल असा एक चेहरा या बँडपाशी कधीच नव्हता. कंपनीला चेहरा हवा असतो. सहा जणांचा संसार विकणे तिला अवघड जाते.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर असे : गाव न सोडल्यामुळे त्यांची प्रसिद्धी आखूड झाली, हे खरे; परंतु गाव न सोडल्यामुळेच बँड टिकला, हेही तितकेच खरे, आणि या दोन वाक्यांपैकी दुसरे वाक्य सांगायला आपल्याला सल्ला देणारे विसरत आहेत. आपण चौघांनी स्वतःला विचारण्याचा प्रश्न 'मुंबई की नागपूर' हा नसून, आपल्या गाण्यातले किती मुंबईत तग धरील, हा आहे. गाणी वऱ्हाडीत आहेत, म्हणजे पहिला श्रोता अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा येथे बसला आहे. त्याच्यापर्यंत आपण अजून पोहोचला आहात काय? तीन वर्षे झाली आणि आपले सारे कार्यक्रम स्नेहसंमेलनांचे आहेत, हे वाचून आम्हांस मुंबईपेक्षा अमरावतीची चिंता अधिक वाटली. स्नेहसंमेलनात श्रोता आपल्यासाठी आलेला नसतो. तिकीट काढून आलेले शंभर लोक ज्या दिवशी अमरावतीत समोर बसतील, त्या दिवशी मुंबईचा विचार करावा; समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरांचा आहे आणि तो पळून जाणार नाही.

प्रश्न : माझे गाव वडसा-देसाईगंज. आमच्या झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांना दर हिवाळ्यात हजारोंची गर्दी होते, तरी पुण्या-मुंबईत त्याची वार्ता नसते. अमेरिकेतही असे प्रादेशिक कलावंत केवळ आपल्या पट्ट्यावर जगू शकतात काय?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : जगतात, आणि आपले उदाहरण आम्ही वरच्या उत्तरात वापरणार होतो, आपण स्वतःच दिलेत ते बरे झाले. दिवाळीनंतर धान घरात आले की सुरू होणारा झाडीपट्टीचा हंगाम, शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, निमित्ताने भरणारी गर्दी, रात्रभर चालणारा प्रयोग आणि वडशात दुकान थाटून बसलेल्या नाट्यमंडळ्या, ही एक पूर्ण व्यवस्था आहे. तिला बाहेरच्या मान्यतेची गरज पडत नाही, कारण मागणी, कलावंत, वाहतूक आणि पैसा हे चारही तिच्या आत आहेत.

अमेरिकेच्या मध्यभागात १९७० च्या दशकात अशीच व्यवस्था महाविद्यालयांभोवती उभी राहिली होती. तिचे उत्तम उदाहरण प्युअर प्रेअरी लीग हा ओहायोचा बँड आहे. त्यांनी आपले नाव १९३९ सालच्या एका 'वेस्टर्न', म्हणजे काउबॉय धाटणीच्या, चित्रपटातील दारूबंदीवाल्या महिलामंडळावरून घेतले, ही गोष्ट दारूच्या गुत्त्यांतून गाणाऱ्या मंडळींना शोभूनच दिसते. १९७२ च्या अल्बममध्ये त्यांचे 'एमी' हे गाणे होते. अल्बम फारसा चालला नाही, ते गाणे लिहिणारे क्रेग फुलर यांना सक्तीच्या सैन्यभरतीला विरोध केल्याच्या प्रकरणात बँड सोडावा लागला, आणि कंपनीनेही करार संपवला. उरलेले सदस्य मात्र ओहायो आणि आसपासच्या राज्यांतील महाविद्यालयांतून वाजवत राहिले. विद्यार्थी ते गाणे मागत राहिले, महाविद्यालयीन रेडिओ केंद्रे ते लावत राहिली, आणि अखेर त्याच कंपनीला बँडशी पुन्हा करार करून गाणे नव्याने बाजारात आणावे लागले. १९७५ मध्ये ते २७ व्या क्रमांकावर पोहोचले, तेव्हा ते तीन वर्षांचे जुने झाले होते. एका पट्ट्याने कंपनीचा निर्णय फिरवल्याचा हा दाखला आहे. पुढे १९७९ मध्ये याच बँडमध्ये आलेले व्हिन्स गिल कालांतराने कंट्री संगीतातील अग्रगण्य गायक झाले.

दक्षिण कॅरोलिनातील स्पार्टनबर्गचा मार्शल टकर बँड हे आणखी एक नाव. त्यात मार्शल टकर नावाचा कोणीही नव्हता. सरावाच्या जागेच्या किल्लीला अडकवलेल्या पट्टीवर ते नाव होते आणि नंतर समजले की ते गावातील एका अंध पियानो-जुळणी कारागिराचे आहे. आपल्या मंडळाला नाव सुचत नसल्यास इतका सोपा उपाय दुसरा नाही.

प्रश्न : बँड गाजूनही वादक गरीब राहतात असे ऐकतो. एकाच गाण्यातून सर्वांना सारखे पैसे मिळत नाहीत काय?
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : मिळत नाहीत, आणि बहुतेक बँड फुटण्याचे बीज येथेच असते. कंपनी करार करताना जी आगाऊ रक्कम देते, ती बक्षीस नसून उचल असते. ध्वनिमुद्रणाचा खर्चही साधारणपणे बँडच्याच खात्यावर टाकला जातो, आणि ती उचल फिटेपर्यंत विक्रीतला वाटा हाती येत नाही. ऊसतोडणीच्या टोळीला दिलेली उचल ज्याने पाहिली आहे, त्याला हा हिशेब नव्याने शिकवायला नको. दुसरी गोष्ट म्हणजे गाणे लिहिणाऱ्याचा हक्क आणि गाणे वाजवणाऱ्याचा हक्क वेगवेगळे आहेत. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणे वाजले की मोबदला गीतकार-संगीतकाराला आणि त्यांच्या प्रकाशकाला मिळतो; गायक किंवा वादक म्हणून त्यासाठी काही मिळत नाही. म्हणजे 'जॅकी ब्लू' रेडिओवर लागले की ते रचणाऱ्या दोघांच्या खात्यात भर पडते, त्यात बास वाजवणाऱ्याच्या पडत नाही.

आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने गीतकार आणि संगीतकार यांना स्वामित्वधनातील (रॉयल्टीतील) समान वाट्याचा असा हक्क दिला आहे, की तो कंपनीला लिहून देता येत नाही, आणि दिला तरी तो करार त्या मर्यादेपर्यंत टिकत नाही. रचनाकारांसाठी ही वसुली करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे. प्रतापनगरच्या गिटारवादकांनीही हे वाचावे आणि कोणते गाणे कोणी रचले, हे चौघांच्या सह्यांनी आजच एका वहीत लिहून ठेवावे. मैत्री असतानाच ते लिहिता येते.

प्रश्न : मी पहिले पत्र पाठवणारा धरमपेठचाच वाचक. एक प्रश्न विचारायचा राहिला. ती तबकडी फार धुळकट झाली आहे आणि मुखपृष्ठाला बुरशीचे ठिपके आहेत. ती स्वच्छ कशी करावी आणि कुठे ठेवावी?

उत्तर : तबकडी कडेने आणि मधल्या कागदी चकतीला धरून उचलावी, खाचांना बोटे लावू नयेत. आधी मऊ, कोरड्या ब्रशने खाचांच्या दिशेने, म्हणजे वर्तुळात, धूळ काढावी. तेवढ्याने भागले नाही तर शुद्ध केलेले पाणी, ज्याला आपण इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणलेले डिस्टिल्ड वॉटर म्हणतो ते, मऊ सुती कापडावर घेऊन हलकेच पुसावे आणि मधली चकती कोरडीच राहील याची काळजी घ्यावी. नळाचे पाणी वापरू नये. त्यातील क्षार वाळल्यावर खाचांत बसतात आणि सुई फिरताना करकर ऐकू येते. मुखपृष्ठाची बुरशी कोरड्या कापडाने घराबाहेर झटकावी, ओले करू नये.

ठेवण्याच्या बाबतीत नागपूरकराला दोन शत्रू आहेत. पहिला मे महिना. तबकडीचे प्लॅस्टिक उष्णतेने मऊ पडून वाकते, म्हणून ती पश्चिमेकडील भिंतीला लागून असलेल्या कपाटात किंवा दुपारी बाहेर उभ्या केलेल्या मोटारीत कधीही ठेवू नये. दुसरा शत्रू म्हणजे आपला कूलर. त्याची ओलसर हवा माणसाला सुखावते आणि कागदी मुखपृष्ठाला बुरशी आणते; आपल्या गोधडीवरचे ठिपके बहुधा त्याचेच असावेत. कूलरचा झोत येत नाही अशा आतल्या खोलीत, पुस्तकासारखी उभी करून ठेवावी. आडव्या थप्पीत खालच्या तबकड्या वाकतात. ऐकताना दुसऱ्या बाजूपासून सुरुवात केलीत तरी चालेल, फक्त यंत्राचा वेग ३३ वर असल्याची खात्री करून घ्यावी. मामांच्या यंत्रावर तो ४५ वर राहिलेला असण्याची शक्यता आहे.